जॅमर आणि बंद्यांचा हक्क

बोरिवलीहून अंधेरीकडे द्रुतगती महामार्गाने येणाऱ्या गाडीवर पोलिसांची लेसर स्पीड गन अदृश्य प्रकाशाची स्पंदने सोडते. ती परतण्याचा वेळ कसा बदलत जातो, यावरून वेग कळतो. जॅमर हीच स्पंदने ओळखून स्वतःचा प्रकाश उलट फेकतो आणि यंत्राला आकडा काढता येत नाही.

‘कायद्यात जॅमरचे नाव कुठे आहे?’ असे कोणी विचारील. नाव शोधण्याची ही धडपडच बोलकी आहे! मोटार वाहन कायद्याचे कलम 183 अतिवेगाला दंड सांगते, तर कलम 179 अधिकाऱ्याच्या कर्तव्यात अडथळा आणणे हा अपराध मानते.

पण खरा प्रश्न दंडाचा नाही. वेग ताशी 60 वरून 80 किलोमीटर झाला की गाडीची गतिज ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक होते. जॅमर फक्त पोलिसाला आंधळे करतो; जोगेश्वरीला रस्ता ओलांडणाऱ्या मजुरावरचा धोका तसूभरही कमी होत नाही. शिवाय वाहन-परवाना हा समाजाशी केलेला करारच आहे, आणि करार पाळण्याची ताकीद कुरआनने ईमानवंतांना दिली आहे.

हुकूकुल इबाद, म्हणजे बंद्यांचे हक्क, यांची माफी ज्याचा हक्क बुडाला त्याच्याकडूनच घ्यावी लागते. तो मजूरच हयात नसेल, तर ती कोणाकडे मागणार?