कानाचे दार कोणाच्या हाती?

पेणच्या गणपतीची ख्याती त्याच्या डोळ्यांमुळे झाली. कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्या हाताला वेगळा मान असतो आणि मूर्ती पसंत करायला आलेले गिऱ्हाईकही आधी डोळ्यांतच बघते. कानांकडे फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक या देवतेचे कान सुपाएवढे, आणि शूर्पकर्ण हे तिचे एक नावच आहे. कीर्तनकार पिढ्यान् पिढ्या त्याचा अर्थ सांगत आले आहेत: सूप दाणा ठेवते आणि फोल उडवते, माणसाने ऐकावे ते असे.

हे पाखडण्याचे काम आता दोन-अडीच हजार रुपयांचे यंत्र करू लागले आहे. पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारपेठेत मोबाइलच्या दुकानात उभा राहिलेला कॉलेजातला मुलगा ‘गेमिंगला चालेल आणि एरवी गाणी ऐकायलाही चालेल’ असा हेडफोन मागतो. दुकानदार त्याला बास सांगतो, बॅटरी सांगतो, माइक सांगतो. मुलगा खोके उलटेपालटे करून बघतो. जगातले कोणते आवाज आत घ्यायचे, कोणते दाराबाहेर ठेवायचे आणि ते दार किती वेळ लावून घ्यायचे, हेही त्या काउंटरवर ठरत असते. हा प्रश्न हेडफोनपेक्षा फार जुना आहे आणि त्याचा विचार या मातीत पुष्कळ झालेला आहे.

डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. म्हणूनच ऐकणे हे पाहण्यापेक्षा अधिक सोसण्याचे इंद्रियकर्म ठरते. आपल्या परंपरेने या सोसण्यालाच साधनेचा दर्जा दिला. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्मज्ञानाची वाट सांगतो, तेव्हा मनन आणि निदिध्यासन यांच्या आधी श्रवण येते. नवविधा भक्तीतही पहिली पायरी श्रवणाचीच आहे, आणि दासबोधाच्या चौथ्या दशकाचा पहिला समास तिलाच वाहिलेला आहे. हा ग्रंथ पेण-रोहा ज्यात येतात त्याच रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत सिद्ध झाला अशी परंपरा आहे. समर्थ रामदास सांगत होते आणि त्यांचे शिष्य कल्याणस्वामी लिहून घेत होते. पावसाळ्यात त्या घळीसमोर धबधबा कोसळतो. त्याच्या घोषातून एकाचा शब्द दुसऱ्याने टिपायचा, तर कान केवढा एकाग्र लागत असेल! ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे मागतात तेही अवधानच.

या सगळ्या ऐकण्यात एक गोष्ट समान आहे. बोलणारा दुसरा असतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती पुढे सरकवण्याचे बटण नसते. पटो न पटो, शब्द पुरा होईपर्यंत थांबावे लागते. हेडफोनने नेमकी हीच बाजू उलटी केली. आता ऐकणारा मालक झाला आहे: सूर आवडला नाही तर दुसरे गाणे, शेजारचा बोलू लागला तर आवाज दोन घरे वर. ऐकण्यावरचे हे स्वामित्व माणसाचे काय करते?

एवढ्यावरून हेडफोनला अधर्म ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. कान बंद करणे आपल्या साधनेत निषिद्ध नाही. पतंजलींनी अष्टांगात प्रत्याहाराला पाचवे स्थान दिले आहे. त्यात इंद्रिये आपापल्या विषयांपासून मागे वळतात. हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात तर नादानुसंधानासाठी साधकाने हातांनी कान झाकायला सांगितले आहे. बाहेरचे थांबले की आतले ऐकू येते. आधी समुद्र, मेघ, नगारा यांसारखे मोठे नाद, मग शंख-घंटेसारखे, आणि शेवटी बासरी, वीणा, भुंगा यांसारखे सूक्ष्म. या क्रमाकडे लक्ष द्यायला हवे. कान झाकल्यानंतर साधक मोठ्या आवाजाकडून बारीक आवाजाकडे जातो. आपण कान झाकतो आणि बहुधा उलट्या दिशेने निघतो.

हेडफोनचा स्वतःचा इतिहासही प्रार्थनामंदिरापासून फार लांब नाही. अमेरिकेतल्या युटाह राज्यातला नॅथॅनियल बाल्डविन हा मॉर्मन पंथाचा माणूस. सॉल्ट लेक सिटीच्या भव्य प्रार्थनागृहात प्रवचन नीट ऐकू येत नाही, या अडचणीतून तो आवाज वाढवण्याच्या खटपटीला लागला असे सांगतात. 1910 साली त्याने स्वयंपाकघरात बनवलेले हेडफोन अमेरिकी नौदलाकडे पाठवले आणि नौदलाने ते स्वीकारले. दुसऱ्याचा शब्द कानी पडावा म्हणून सुरू झालेली ही खटपट पुढे दुसऱ्याचा शब्द कानी पडू नये याचे सर्वांत सोयीचे साधन झाली.

हे वळण ज्याला आधीच जाणवले असा एक माणूस होता. सोनीचे अकिओ मोरिता. 1979 च्या जुलैत पहिला वॉकमन बाजारात आला, तेव्हा त्याला हेडफोनसाठी दोन भोके होती आणि एक ‘हॉटलाइन’ बटणही होते. ते दाबले की संगीत मंद व्हायचे आणि यंत्रातल्या मायक्रोफोनमधून दोघांना एकमेकांशी बोलता यायचे. घरात मोरिता वॉकमन लावून बसले, तर पत्नीला एकटे पडल्यासारखे वाटले. एकट्याने ऐकणे असभ्य ठरेल या काळजीतून ही सोय आली. लोकांनी मात्र वॉकमन एकट्यासाठीच घेतला आणि ते बटण पुढच्या मॉडेलांतून गेले. एका उद्योजकाची ती भीती आज अधिक खरी वाटते, आणि त्या बटणाचे जाणे हे नुकसान होते असे म्हणायला हवे.

दिवा–रोहा गाडीत पनवेल सुटल्यावर डब्यातून नजर फिरवली तर कित्येकांच्या कानांत काही ना काही दिसते. आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे. बाहेर खाजण, भातशेती, पलीकडे सह्याद्रीची रांग, आणि डब्यात चाकांचा एकसुरी खडखडाट. साधे इअरफोन घातलेला माणूस हा खडखडाट झाकण्यासाठी गाण्याचा आवाज वाढवतो, आणि धोका तिथेच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला आठवड्याला 80 डेसिबल आवाज 40 तास सुरक्षित आहे. पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते: 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5. कानाच्या आतल्या शंखात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. त्या जन्मतः मिळतात तेवढ्याच. माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

‘नॉइज कॅन्सलिंग’ इथे खरोखर उपयोगी पडते. हेडफोनवरचा मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो, यंत्र त्याच्या नेमकी उलटी लहर तयार करते आणि दोन्ही एकमेकींना मारतात. 1978 मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानाच्या घरघरीने संगीत ऐकू येईना, तेव्हा अभियंते अमर बोस यांनी याची आकडेमोड प्रवासातच सुरू केली. हे तंत्र घरघर, खडखड अशा खालच्या पट्टीच्या सतत आवाजावर उत्तम चालते. अचानक मारलेली हाक किंवा मुलाचे रडणे त्याला तितकेसे जमत नाही. ही त्या तंत्राची उणीव मानतात, पण खरे तर तेच त्याचे भाग्य आहे. गाडीची घरघर गेली आणि गाणे हलक्या आवाजात ऐकता आले, तर हठयोग्याच्या दिशेने एक पाऊल पडले असे म्हणता येईल.

आता मोबाइलवरच्या खेळाकडे. घरातली वडील मंडळी ‘कानात बोळे घालून बसलाय, काही ऐकू येत नाही’ म्हणतात, तेव्हा तो मुलगा कदाचित घरातले सर्वांत सावध श्रवण करत असतो. बीजीएमआयसारख्या नेमबाजीच्या खेळात शत्रू दिसण्याआधी त्याची पावले ऐकू येतात. डावीकडून की मागून, जिन्यावरून की गवतातून. माणसाचा मेंदू डावी-उजवी दिशा ओळखतो ती मुख्यतः आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला नंतर पोचतो म्हणून, आणि हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा असतो. एवढ्या बारकाव्यावर जीव टांगून बसलेल्या मुलाला अवधान म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. फरक आहे तो वेगळाच. खेळातले ऐकणे आपल्याला मारू शकणाऱ्याचे असते, श्रवण आपल्याला बदलू शकणाऱ्याचे. पहिल्यात ऐकणारा जिंकून तसाच बाहेर येतो. दुसऱ्यात तसाच बाहेर आला, तर त्याने ऐकलेच नाही. मुलाची एकाग्रता मोडण्याऐवजी तिला हा दुसरा विषयही मिळवून देणे हे मोठ्यांचे काम आहे.

श्रवणाचा हा दुसरा विषय काय असू शकतो, याची दोन उदाहरणे पेण आणि रोहा या दोन तालुक्यांनी दिली आहेत. विनोबांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 चा, पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने केली, तेव्हा श्रोते कैदी होते आणि टिपून घेणारे साने गुरुजी. आज ‘गीताप्रवचने’ हाती आहेत ती त्या एका कानामुळे. याच विनोबांनी 25 डिसेंबर 1974 पासून वर्षभर मौन पाळले. मधेच आणीबाणी आली. ‘अनुशासन पर्व’ या त्यांच्या शब्दांचा सरकारने आपल्या बाजूने अर्थ लावला, आणि त्या मौनाबद्दलचा वाद अजून संपलेला नाही. तो वाद बाजूला ठेवावा असे नाही. माघार घेणे कधीच तटस्थ नसते, हे त्यातून दिसते आणि ते हेडफोनलाही लागू आहे. मात्र विनोबांचे मौन वाणीचे होते. कान त्यांनी बंद केले नव्हते.

पांडुरंगशास्त्री आठवले रोह्याचे; जन्म 19 ऑक्टोबर 1920. मुंबईत माधवबागेतल्या वडिलांच्या पाठशाळेत 1942 पासून ते गीता-उपनिषदांवर बोलू लागले आणि त्यातून स्वाध्याय परिवार उभा राहिला. 1996 चा मॅगसेसे आणि 1997 चा टेम्पलटन पुरस्कार त्यांना मिळाला. इथे एक तपशील महत्त्वाचा आहे. त्यांची प्रवचने चित्रफितींवरून गावोगावच्या केंद्रांत दाखवली गेली. म्हणजे आवाज यंत्रातलाच, वक्ता समोर नाही. पण ऐकणारे एका सतरंजीवर एकत्र. शेजारी बसलेल्या कोळ्याचे, शेतकऱ्याचे, शिक्षकाचे असणे त्या ऐकण्याचा भाग होते. आणि तीच माणसे भावफेरीला निघून दुसऱ्यांच्या दारी जाऊन बसत. तेच प्रवचन आज कोणी गाडीत हेडफोनवर ऐकेल, तर शब्द सगळे मिळतील. सतरंजी मिळणार नाही. ते प्रवचन वाया गेले असे नव्हे, पण दोन्ही श्रवणे एक नव्हेत.

एकत्र ऐकण्याची बाजू घेताना भोंग्यांचा विसर पडू नये. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, आणि जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे स्पष्ट केले. मिरवणुकीत छातीचा ठोका चुकवणाऱ्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीसमोर उभा राहिलेला माणूसही श्रोता नसतो. त्याचे कान ताब्यात घेतलेले असतात. सतत वाजत्या गावात कानात बोळे घालणाऱ्या मुलाला दोष देण्याआधी गावाने आपल्या डीजेकडे पाहायला हवे.

मग दुकानात उभ्या असलेल्या त्या मुलाने काय घ्यावे? घरात, खोलीत बसून खेळायचे असेल तर उघड्या पाठीचा, म्हणजे कपांना जाळी असलेला, तारेचा हेडफोन सर्वांत चांगला. त्यात आवाज डोक्यात कोंडत नाही, पावलांची दिशा अधिक मोकळी कळते आणि आईने स्वयंपाकघरातून मारलेली हाकही ऐकू येते. मात्र त्यातला आवाज बाहेर सांडतो. म्हणून गाडीत आणि वाचनालयात तो चालत नाही. एकच हेडफोन दोन्हीकडे हवा असेल तर बंद पाठीचा, तारेचा, 32 ओहमच्या आसपासचा घ्यावा. मोबाइलवर तो विनासायास वाजतो. साध्या ब्लूटूथवर आवाज अनेकदा सेकंदाच्या दहाव्या भागाहून अधिक मागे पडतो. गाण्याला त्याने काही बिघडत नाही, पण गोळी आधी लागते आणि मग ऐकू येते. बिनतारीच हवा असेल तर 2.4 गिगाहर्ट्झचा डोंगल असलेला पाहावा. कोकणातल्या दमट हवेत नकली चामड्याच्या गाद्या लवकर सोलतात, तेव्हा कापडी आणि बदलता येणाऱ्या गाद्या बऱ्या. रोजच्या प्रवासासाठी नॉइज कॅन्सलिंग घेतले तर बाहेरचे ऐकू देणारा ‘ट्रान्सपरन्सी’ मोड त्यात आहे ना ते पाहावे. मोरितांच्या हॉटलाइनचा खरा वारस तोच आहे. फाटक ओलांडताना आणि मुंबई–गोवा महामार्गावर दुचाकीवर तोही नको. तिथे दोन्ही कान मोकळेच हवेत.

खेळतानाची आवाजाची पातळी हा राहिलेला मुद्दा. गोळीबाराचे अचानक धमाके सरासरी पातळीच्या कितीतरी वर जातात. 2025 च्या जागतिक श्रवणदिनी, 3 मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेने व्हिडिओ गेम आणि ईस्पोर्ट्ससाठी सुरक्षित श्रवणाचे पहिले जागतिक मानक आणले ते यामुळेच. घरी करून पाहण्याजोगी चाचणी साधी आहे: नेहमीच्या आवाजावर खेळ सुरू ठेवून हातभर अंतरावरून कोणालातरी नेहमीच्या स्वरात नाव घ्यायला सांगावे. ऐकू आले नाही तर आवाज खाली आणावा आणि पुन्हा नाव घ्यायला सांगावे.