सरासरीची खिडकी

कायदा पाळला म्हणजे कर्तव्य संपले काय, हा प्रश्न वकिलाने विचारू नये असा संकेत आहे. तथापि नव्या घरांच्या खिडक्यांसंबंधीचे नियम वाचताना तोच माझ्यापुढे उभा राहिला.

केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ सिद्ध केली. राज्याने अंगीकारली तरच ती बंधनकारक, हे खरे. थंड प्रदेश वगळता, भिंती व खिडक्या यांतून आत शिरणारी उष्णता बाह्य भिंतीच्या दर चौरस मीटरला १५ वॅटांहून अधिक नसावी, असा तिचा दंडक. उष्ण-दमट प्रदेशात, म्हणजे आपल्या गोव्यासारख्या ठिकाणी, खिडक्यादारांचा उघडणारा भाग चटईक्षेत्राच्या सुमारे एक षष्ठांश हवा. ‘उघडणारा’ हा शब्द नेमका आहे. सरकत्या दोन तावदानांची खिडकी नकाशात कितीही रुंद दिसो, वाऱ्याच्या वाट्याला तिचा अर्धाच भाग येतो. ही पळवाट आधीच बुजवणाऱ्याचे मला, वकील म्हणून, कौतुक वाटते.

त्या १५ वॅटांची गोम मात्र निराळी आहे. हा आकडा एका खोलीचा नव्हे, सबंध इमारतीचा. उत्तरेच्या भिंतीने उष्णता कमी घेतली की पश्चिमेच्या काचेला अधिक घेण्याची मुभा मिळते. मावळतीकडे झुकलेल्या सूर्याला वरचा छज्जा अडवू शकत नाही, आणि साधी एकेरी काच त्याच्या उष्णतेचा चार-पंचमांशाहून अधिक भाग आत सोडते. हिशेब जुळतो, दाखला मिळतो. पश्चिमेच्या खोलीतील वृद्धा मात्र दिवेलागणीपर्यंत भाजत राहते. महाप्रसादाच्या पंगतीत एका पानावर दुप्पट वाढले म्हणून शेजारचे रिकामे पान भरत नाही.

कोणी म्हणेल, खोलीखोलीला वेगळा दंडक लावल्यास बांधकाम महागेल आणि गरिबाचे घर आणखी दूर जाईल. हा युक्तिवाद मी हलका मानीत नाही. कायदेकर्त्याला सरासरी क्षम्य आहे, कारण त्याच्यापुढे माणसे नसतात, इमारती असतात. बांधणाऱ्यास ती सवलत कशी मिळावी? कोणती खोली कोणास विकली, हे त्याला नावानिशी ठाऊक असते. आणि पुष्कळदा तीच खोली ‘सूर्यास्ताचे दृश्य’ म्हणून चढ्या भावाने विकलेली असते!

२०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमान्वये ताब्यापासून पाच वर्षांत दाखविलेला बांधकामाचा दोष बांधणाऱ्याने विनामूल्य दूर करावयाचा असतो. परंतु नियमात बसलेल्या तापट खोलीला ‘दोष’ म्हणून सिद्ध करणे, माझ्या मते, दुर्घट आहे. म्हणून जे मागावयाचे ते करारापूर्वीच मागितले पाहिजे. संहितेचे गणित दिशावार मांडूनच एकत्र केले जाते. तेव्हा पश्चिमेचा आकडा वास्तुशास्त्रज्ञाच्या कागदावर आधीच असतो. तो ग्राहकास दाखवावा, आणि त्या खिडकीला बाहेरून झडपा बसविण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हे करारातच लिहावे.