पुढे चाल

दुसऱ्याचं वाईट चिंतू नये, हे आम्हांला लहानपणीच शिकवलेलं. पण दुसऱ्याने हरावं असं वाटू देऊ नये, हे कोणी शिकवलं नाही. शिकवलं असतं तर आमच्या गल्लीतलं क्रिकेट पहिल्याच षटकात आटोपलं असतं. 'आपण जिंकावं' या इच्छेच्या पोटातच 'तो हरावा' ही इच्छा असते. ती पापात धरायची की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता कित्येक वर्षं तसाच लोंबकळत पडला होता. तो ऐरणीवर आला एका डिसेंबरात, अमेरिकेत, मुलीच्या घरी, दोन स्वेटर आणि एक कानटोपी घालून बसलो असताना.

मुलगी राहते विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे या गावी. वस्ती लाखाच्या आसपास. पण गावाचा स्वतःचा फुटबॉलचा संघ आहे, पॅकर्स. 'स्वतःचा' हा शब्द अगदी शब्दशः घ्यायचा. इतर संघांचे मालक धनाढ्य. या संघाचे मालक पाच लाखांहून अधिक भागधारक. शेअरवर लाभांश नाही, बाजारात तो विकता येत नाही. भिंतीवर मात्र लावता येतो. शेजारच्या आजोबांनी (हे माझ्याच वयाचे, पण दुसऱ्याला आजोबा म्हणायला बरं वाटतं) आपण जिथे वडिलांचा फोटो लावतो, तिथे तो चौकटीत घालून लावला होता.

तिथल्या या फुटबॉलात चेंडू लांबुळका, आणि पायांचा उपयोग मुख्यतः पळण्यासाठी. हंगाम संपत आलेला. गटात चार संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी दोनदा गाठ. त्यांतली दुसरी गाठ येत्या रविवारी शिकागो बेअर्सशी होती. हे वैर 1921 सालापासूनचं. म्हणजे आमच्या वाड्यातल्या भाऊबंदकीपेक्षाही मुरलेलं. शिकागोकडचे लोक विस्कॉन्सिनवाल्यांना 'चीजडोके' म्हणून हिणवत. 1987 साली तिथल्या एका पठ्ठ्याने आईच्या सोफ्यातला फोम कापून त्याची चीजच्या तुकड्यासारखी टोपी केली आणि घालून मिरवला. तेव्हापासून सगळा प्रांत ती शिवी अक्षरशः डोक्यावर घेऊन नाचतो.

त्या आठवड्यात आजोबांचं जेवणात लक्ष नव्हतं. बेअर्सचा कोण लंगडतोय, कोणाचा खांदा दुखावलाय, याची चौकशी ते घरच्या आजाऱ्याच्या काळजीने करीत होते. हेतू मात्र उलटा.

मी न राहवून विचारलं, "आजोबा, हे बेअर्स कायमचे बंद पडले तर तुम्हांला आनंद होईल?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या घराला आग लावू का म्हणून विचारलं होतं. "बंद पडले तर आम्ही डिसेंबरात करायचं काय?"

मग त्यांनी मला 1956 सालची गोष्ट सांगितली. गावचं जुनं मैदान अपुरं पडू लागलं होतं. नवं बांधलं नाही तर संघ टिकणं कठीण. त्यासाठी कर्ज काढायचं की नाही, यावर गावात मतदान होतं. तेव्हा बाजूने बोलायला गावात कोण यावं? बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस! हाडवैरी सभेत उभा राहून सांगतोय, मैदान बांधा म्हणून. यात त्यांचा धंदाही असणार. पाहुण्या संघाला तिकिटांच्या पैशात वाटा मिळायचा. पण आले खरे. मैदान मंजूर झालं. 29 सप्टेंबर 1957 रोजी तिथे पहिला सामना झाला. पॅकर्स 21, बेअर्स 17. ज्या मैदानासाठी शब्द टाकला, त्याच मैदानावर हॅलस पहिल्याच दिवशी हरून गेले.

आजोबा खो खो हसले. मला हसू आलं नाही. मला आमचं ऑफिस आठवलं.

आमच्या ऑफिसात वर्षाकाठी कॅरमच्या स्पर्धा होत. अंतिम सामना ठरलेला. मी आणि अकाउंट्समधला एक गृहस्थ. सलग सहा वर्षं तो जिंकला. क्वीन घेऊन कव्हर करताना तो गालातल्या गालात हसायचा, त्या हसण्याने माझी झोप उडायची. सातव्या वर्षी त्याची बदली झाली, लांब, मराठवाड्यात. घरी आई अंथरुणाला खिळलेली. बदली रद्द व्हावी म्हणून सहकाऱ्यांनी अर्ज केला आणि सह्यांसाठी कागद टेबलाटेबलांवरून फिरवला. माझ्यापर्यंत आला तेव्हा मी म्हणालो, "ठेवा, वाचून करतो." चार ओळींचा अर्ज. मी तो तीन दिवस वाचत होतो. चौथ्या दिवशी कागद माझ्या सहीशिवाय वर गेला. माझ्या एका सहीने काही झालं असतं असं नाही. बदली व्हायची ती झाली.

त्या वर्षी मी अंतिम फेरीत पुढे चाल मिळून जिंकलो. कप अजून घरी आहे. त्यात सेफ्टी पिना, जुन्या किल्ल्या आणि एक बंद घड्याळ आहे. नंतर दोन वर्षं खेळलो. पण समोर बसणाऱ्याने क्वीन घेतली तरी रक्त उसळेना. बोर्ड शेवटी भाच्याला देऊन टाकला.

तेव्हा माझ्यापुरता निकाल असा : वैऱ्याने हरावं असं वाटण्यात पाप नाही. फक्त त्याला बोर्डापर्यंत येता यावं, एवढं आपण पाहायला हवं.

रविवारी दुपारी बारा वाजता आजोबांच्या घरी जमलो. माझ्याही डोक्यावर चीज चढवण्यात आलं. सामना सुरू होण्याआधी आजोबांनी शिकागोतल्या मेव्हण्याला फोन लावून यथेच्छ शिव्या दिल्या आणि शेवटी विचारलं, "गुडघा कसा आहे?"

मी मुलीला म्हटलं, "अकाउंट्समधल्या त्या काकांचा नंबर मिळेल का गं कुठून?"

"बाबा, भारतात रात्रीचे साडेअकरा वाजलेत!"

एवढ्या रात्री फोन वाजला की आपल्याकडे पोटात गोळाच येतो. सकाळी करीन म्हटलं. तिकडच्या सकाळी. आणि तो मागचं काही बोलायच्या आत सांगून टाकणार आहे, की बोर्ड मी आणतो, पावडर तुझी.