नारायणा, विचारायचं बळ दे

हे नारायणा,

हिवरा आश्रमात आम्ही तुला रुग्णांच्या गर्दीत पाहिलं. तिथल्या शुकदास महाराजांनी आजाऱ्याची सेवा हीच तुझी पूजा मानली आणि विवेकानंदांचा दरिद्रीनारायण मेहकर तालुक्यातल्या माणसांच्या ओळखीचा झाला. त्याच मातीतून मी पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी शहरात निघाले आहे. मला तोंड उघडायचं बळ दे.

लहानपणी सांधे सुजून ताप आला, त्या आजाराने हृदयाची झडप निकामी केली. आता तिथे धातूची झडप आहे. रात्री घर निजलं की तिची टिकटिक मला ऐकू येते. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज संध्याकाळी वॉरफरिनची गोळी घेते. गोळी चालू असताना पोटाला चीर दिली तर रक्त थांबणं कठीण, आणि बंद करून तशीच राहिले तर गुठळी मेंदूत जाऊन अर्धांगवायूची भीती. या दोन भीतींमधून मला नीट पलीकडे ने.

गोळी कोणत्या दिवशी थांबवायची? साधारण ५ दिवस आधी म्हणतात, पण माझं काय? मधल्या दिवसांत हिपॅरिनची इंजेक्शनं लागतील का, आणि शेवटचं कधी घ्यायचं? ऑपरेशनआधी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासणार ना? गोळी पुन्हा केव्हा सुरू? हृदयाचे डॉक्टर, सर्जन आणि भूलतज्ज्ञ एकमेकांशी बोलले का? सगळं वहीत लिहून घेतलंय. विचारताना माझी जीभ अडखळू देऊ नकोस. उत्तर समजलं नाही तर नुसतं "बरं, बरं" म्हणत मला उठू देऊ नकोस.

डॉक्टर म्हणजे देवच, त्यांना काय विचारायचं, असं आमच्याकडे म्हणतात. नारायणा, देव तू आहेस. डॉक्टर दिवसभर रुग्ण बघून थकणारा माणूस आहे. माझ्या झडपेची आठवण मीच त्यांना करून द्यायला हवी. माझ्या प्रश्नात अविश्वास दिसू नये एवढी नम्रता मला दे आणि ऐकून घ्यायला त्यांना सवड दे.

कुणाच्या सांगण्यावरून गोळी बंद करण्याची किंवा दुखतंय म्हणून दुकानातून परस्पर वेदनाशामक आणण्याची बुद्धी मला होऊ नये.

आणि ज्यांना चिठ्ठी वाचता येत नाही, ज्यांच्या पिशवीत सगळ्या गोळ्यांची पाकिटं एकत्र झाली आहेत, त्यांच्या शेजारी बोलणारं माणूस उभं कर. मला बरं केलंस, तर त्यांच्यासोबत दवाखान्यात मला पाठव.