साहस, साहाय्य आणि ऋण

एखादा मनुष्य कोणाचीही आज्ञा नसता स्वेच्छेने घोर संकट पत्करतो आणि त्यात सापडल्यावर साहाय्याची हाक मारतो. त्याला वाचविताना जे द्रव्य खर्च होते व ज्यांचे प्राण पणास लागतात, त्याचा भार कोणी वाहावा? बेंगळुरूजवळच्या होसकोटे येथील गृहस्थाच्या गावाला विस्तीर्ण तळे आहे, समुद्र नाही. तथापि दूरच्या महासागरावर भारताचे विमान एखाद्याच्या शोधार्थ उडते, तेव्हा त्याच्या खर्चात या गृहस्थाच्या कराचाही अंश असतो. म्हणून हा प्रश्न विचारण्याचा त्याला अधिकार आहे.

२०१८ साली हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी हे गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ नावाच्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरले होते. आधुनिक साधनांवाचून, सूर्य व तारे पाहून मार्ग काढावयाचा, असा त्या शर्यतीचा नियम होता. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियातील पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, त्यांना भयंकर वादळाने गाठले. नौका उलटली, डोलकाठी मोडली, आणि त्यांच्या पाठीच्या कण्यास अशी दुखापत झाली की त्यांना उठून उभेही राहता येईना. त्यांचा संदेश पोहोचताच भारत, ऑस्ट्रेलिया व फ्रान्स या तीन देशांची यंत्रणा हलली. भारतीय नौदलाच्या विमानाने मॉरिशसहून उड्डाण करून नौकेचा ठाव घेतला. २४ सप्टेंबर रोजी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्तनौकेने त्यांना उचलून घेतले. त्याच वादळात आयर्लंडचे ग्रेगर मॅकगकिन यांच्याही नौकेची डोलकाठी मोडली होती. तरीही त्यांनी तात्पुरते शीड उभारून जखमी प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने मार्ग धरला होता.

या सर्वांपैकी कोणीही प्रथम असे विचारले नाही की, ‘हा मनुष्य तेथे गेलाच कशाला?’ सागराचा कायदाही तसे विचारू देत नाही. मनुष्याचे प्राण वाचविल्याबद्दल त्याच्याकडून मोबदला घेऊ नये, हे तत्त्व १९१० च्या आंतरराष्ट्रीय कराराने मान्य केले आणि १९८९ च्या कराराने कायम ठेवले. संकटग्रस्ताचा देश कोणता, दर्जा कोणता, तो कोणत्या परिस्थितीत सापडला, हे न पाहता त्यास साहाय्य द्यावे, असे १९७९ च्या करारात सांगितले आहे. होसकोट्याच्या तळ्यात कोणी बुडू लागला, तर काठावरचा मनुष्य दोर टाकण्यापूर्वी त्याच्या चुकीची चौकशी करील काय? गीतेच्या सतराव्या अध्यायात जे परतफेडीची अपेक्षा न धरता, देणे हेच कर्तव्य मानून दिले जाते, त्या दानास सात्त्विक म्हटले आहे. देश, काल व पात्र यांचा विचारही तेथे सांगितला आहे. परंतु बुडणाऱ्याची पात्रता त्याच्या बुडण्यातच सिद्ध झालेली असते.

येथे एक सूक्ष्म भ्रम उद्भवतो. साहाय्य करणे हा दुसऱ्याचा धर्म आहे, यावरून साहाय्य मिळणे हा माझा हक्क आहे, असे मनुष्य समजू लागतो. ‘काही झालेच तर कोणीतरी येईल’ असे म्हणून तो निघतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्माचे लक्षण दिले आहे. परिणाम, हानी, परपीडा आणि आपले सामर्थ्य यांचा विचार न करता केवळ मोहाने आरंभिलेले कर्म ते तामस. सागरावर निघणाऱ्यास हेच चार प्रश्न पुरेसे आहेत. माझी नौका फुटली तर पुढे काय? त्यात किती व कोणाचे द्रव्य जाईल? मला शोधताना कोणाचे प्राण संकटात पडतील? हे पेलण्याची माझी शक्ती आहे काय?

या कसोटीस टॉमी उतरतात. २०१२-१३ साली त्यांनी ‘म्हादेई’ या नौकेतून एकट्याने, कोठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली होती. त्यामुळे त्यांच्या साहसास अविचार म्हणता येत नाही. परंतु विचारपूर्वक केलेल्या साहसातही दुसऱ्याचे ऋण होते. साहस निर्दोष असले म्हणजे ऋण नाहीसे होत नाही.

कोणी म्हणेल, खर्च वसूल केला तर अविचारी लोक आपोआप आवरतील. परंतु देयकाच्या भीतीने हाक मारण्यास विलंब झाला, तर संकट वाढते आणि वाचविण्यास जाणाऱ्यांचा धोकाही वाढतो. म्हणून कठोर व्हावयाचे ते किनाऱ्यावर. नौका तपासावी, संकटसूचक यंत्राचा व अनुभवाचा आग्रह धरावा, अपुऱ्या तयारीच्या मनुष्यास निघूच देऊ नये. एकदा हाक आल्यावर मात्र हिशेब मिटवून ठेवावा.

हा विवेक केवळ नाविकासाठी नाही. भर पावसात सह्याद्रीच्या निसरड्या कड्यावर चढणारा तरुण खालच्या गावातील माणसांचे प्राण गहाण टाकीत असतो. ऐपतीबाहेर कर्ज काढणारा गृहस्थ जामीन राहिलेल्या भावाचे घर पणास लावीत असतो. तो भाऊ मदतीस धावेल, कारण तो त्याचा धर्म आहे. परंतु त्याच्या धर्मावर आपल्या अविचाराचा पाया घालणे हा अधर्म होय.

साहाय्य करणाऱ्याने ‘हा योग्य आहे काय?’ असे विचारू नये, आणि निघणाऱ्याने ‘मी योग्य आहे काय?’ असे विचारल्यावाचून पाऊल उचलू नये. प्राणाचे ऋण पैशाने फिटत नाही. ज्याचे प्राण वाचले, त्याने पुढे कोणाची हाक कानी आली असता आपला मार्ग सोडून तिकडे वळावे, हीच त्याची फेड.