चिंचगुंडीचे दोघे

१२ मार्चला जयंती, २१ ऑक्टोबरला शहीद दिन. वर्षातून दोनदा आलापल्ली-अहेरीच्या पट्ट्यात वीर बाबुराव शेडमाके यांचं नाव माइकवरून घुमतं. भाषणं होतात, रेला नाचतात, मिरवणूक निघते. चंद्रपुरात कारागृहातल्या पिंपळाला लोक हात जोडतात, कारण १८५८ च्या २१ ऑक्टोबरला इंग्रजांविरुद्ध उठाव केला म्हणून बाबुरावांना तिथंच फाशी दिलं गेलं. वय अवघं पंचविशीचं. फासाचा दोर पुन्हा पुन्हा तुटला असं सांगतात, आणि सांगणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं की पुरावा मागायची इच्छा होत नाही.

भाषणांत सगळं येतं. किष्टापूरचा जन्म, मोलमपल्लीची जमीनदारी, रायपूरचं इंग्रजी शिक्षण, गोंड-माडिया तरुणांचं जंगोम दल. मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा घेतला, नांदगाव-घोसरीला इंग्रज कॅप्टन क्रायटनच्या फौजेला मागे रेटलं, गढीसुर्ल्याच्या टेकडीवरून दगड लोटले. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव येऊन मिळाले. उत्तरेत लखनौ पडत होतं, झाशीला वेढा बसत होता, तेव्हा इथल्या जंगलात उठाव नुकता पेट घेत होता. वक्त्याचा आवाज इथं चढतो, आणि चढायलाच हवा.

मग येतं २९ एप्रिलचं चिंचगुंडी. ते एका वाक्यात उरकलं जातं: ‘प्राणहितेच्या काठचा इंग्रजांचा तळ उद्ध्वस्त केला.’ टाळ्या.

तो तळ तारखात्याचा होता. तिथं तारेच्या कामावरचे तिघं होते. गार्टलँड आणि हॉल मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला आणि त्यानं क्रायटनला खबर दिली. हे दोघं सेनापती नव्हते, सारा वसूल करणारे कलेक्टरही नव्हते. खांब रोवायचे, तार ओढायची, असल्या खात्यातली नोकरमाणसं. आपल्या कथेत त्यांना नाव नसतं.

यावर उत्तर तयार असतं, आणि ते पोकळ नाही. १८५७ च्या धामधुमीत तार हेच कंपनी सरकारचं मोठं बळ होतं. मेरठची बातमी तारेनं पुढं गेली नसती तर पंजाबातल्या छावण्या वेळीच सावध झाल्या नसत्या. पायी निरोप पाठवणाऱ्या जंगोम दलाला ती तार आपल्या गळ्याभोवती आवळत जाणारी दिसली असेल तर ते बरोबरच दिसलं. लढाईच्या हिशेबात चिंचगुंडीचा घाव वर्मी होता. पण लढाईचा हिशेब आणि माणसाचा हिशेब एकाच वहीत मांडला की दुसरा नेहमी खोडला जातो. बाबुरावांची बाजू न्यायाची होती, एवढं म्हटल्यानं ते दोघं कमी मेले असं होत नाही.

दुसऱ्यांचा वीर समोर ठेवला की हे चटकन कळतं. अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातला सेनापती अँथनी वेन घ्या. ‘वेडा अँथनी’ म्हणूनच तो ओळखला जातो. १७७९ मध्ये स्टोनी पॉइंटचा किल्ला त्यानं रात्री, नुसत्या संगिनींच्या बळावर घेतला. पुढं वॉशिंग्टननं त्याला नव्या फौजेचा प्रमुख केलं आणि ओहायोच्या मूळनिवासींवर पाठवलं. १७९४ च्या ऑगस्टमध्ये फॉलन टिंबर्सची लढाई जेमतेम तासाभरात आटोपली. हरलेले योद्धे आपल्या इंग्रज मित्रांच्या किल्ल्याकडे धावले, तर मित्रांनी दरवाजेच बंद केले. नंतर वेनच्या शिपायांनी नदीकाठची मक्याची उभी शेतं जाळत नेली. पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलचा तह झाला आणि आजच्या ओहायोचा बहुतेक भाग मूळनिवासींच्या हातून गेला.

वेनचं नाव एका शहराला मिळालं, बॅटमॅनच्या कथेतल्या ब्रूस वेनचं आडनावही त्याच्याचवरून आलं, आणि कहर म्हणजे ओहायोतल्या राष्ट्रीय वनालाही त्याचंच नाव लागलं. ज्यांच्याकडून जंगल घेतलं, त्यांच्या जंगलावर घेणाऱ्याची पाटी. (आलापल्लीजवळच्या सहा हेक्टरांतल्या जुन्या सागवानांना आपण ‘वनवैभव’ म्हणून सोडून दिलं, कुणा साहेबाचं नाव चिकटवलं नाही, याबद्दल वनखात्याला एकदा धन्यवाद द्यायला हरकत नाही.) मूळनिवासी समाजांनी मागणी केल्यावर २०२३ मध्ये तिथल्या वनखात्यानं नाव बदलण्याचा प्रस्ताव मांडला. ओहायोचे तेव्हाचे सिनेटर जे. डी. व्हान्स यांनी विरोधाचं पत्र लिहिलं. वेनला त्याच्या काळात ठेवून पाहा, तो स्वातंत्र्ययुद्धातला वीर आहे, असं त्या बाजूचं म्हणणं.

गडचिरोलीत बसून हे वाचताना आपल्याला त्यांच्या युक्तिवादातली लबाडी लगेच दिसते. जळालेला मका दिसतो. मग चिंचगुंडीपाशी आपणही ‘काळाच्या चौकटीत पाहा’ म्हणतो, तेव्हा आपल्याला काय दिसायचं राहतं?

इथं एक खबरदारी हवी. वेन आणि बाबुराव एका तराजूत घालता येत नाहीत. एक दुसऱ्याची भूमी घ्यायला सैन्य घेऊन आला, दुसरा आपल्या भूमीवर उभा होता. दोन मेलेल्या तारवाल्यांची आठवण काढून कंपनी सरकारला कुणी सूट देऊ पाहील तर ती बदमाशी ठरेल. माझा आग्रह एवढाच, की वीराची गोष्ट सांगताना त्याच्या हातून मेलेल्यांची नावं सांगायला आपली जीभ अडू नये.

तिसरं नाव याहून अवघड आहे. अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई. क्रायटननं तिच्यावर दबाव आणला, आणि तिच्या माणसांनी सप्टेंबर १८५८ मध्ये बाबुरावांना पकडून दिलं. व्यंकटराव बस्तरात गेले, १८६० मध्ये तेही पकडले गेले. त्यांची जप्त झालेली अडपल्ली-घोटची ६७ गावं लक्ष्मीबाईला बक्षीस मिळाली. आपल्या सभांत सगळा राग या बाईवर निघतो. क्रायटन जणू पावसासारखा, तो येणारच होता. फितुरी मात्र तिची.

वेनच्या गोष्टीतही असा एक माणूस आहे. लिटल टर्टल, मायामी जमातीचा नेता. १७९१ मध्ये त्यानं अमेरिकन सेनेचा असा पराभव केला की तसा मूळनिवासींच्या हातून त्या सेनेचा पुन्हा कधी झाला नाही. पण वेनची तयारी पाहिल्यावर तोच म्हणू लागला की आता तह करा. लोकांनी ऐकलं नाही, हरले, आणि ग्रीनव्हिलला त्यानं सही केली. टेकुम्से नावाच्या तरुणानं त्या तहाला मान दिला नाही, लढत राहिला आणि १८१३ मध्ये रणात पडला. पुतळे टेकुम्सेचे जास्त, हे सांगायला नको.

लक्ष्मीबाईनं लिटल टर्टलसारखा विचार केला होता, की तिला फक्त गावं हवी होती? तिचं मन कुणी लिहून ठेवलेलं नाही. लिहून ठेवलं ते बक्षीस, आणि ते देणाऱ्यानं. एका गोंड जमीनदाराची गावं काढून दुसऱ्या जमीनदारीला द्यायची, म्हणजे पुढच्या पिढ्या एकमेकींकडे बोट दाखवत राहतील, हे कारस्थान क्रायटनच्या कचेरीत शिजलं असणार. तिला मी निर्दोष म्हणत नाही. ६७ गावं घेतली, ती घेतलीच. पण दीडशे वर्षांहून अधिक काळ आपण शिव्या घेणाऱ्या हाताला घालतो आणि देणारा हात नामानिराळा राहतो, हे त्या कचेरीला फार सोयीचं झालं.

यंदा २१ ऑक्टोबरला एखाद्या आश्रमशाळेत हा इतिहास सांगायची वेळ आली, तर शिक्षकांनी चिंचगुंडीचं वाक्य जरा लांबवावं. गार्टलँड आणि हॉल ही नावं फळ्यावर लिहावीत. त्यांच्याखाली लक्ष्मीबाई लिहावं, आणि तिच्या शेजारी क्रायटन. पोरं विचारतील, गुरुजी, मग बाबुराव चुकले का? विचारू द्यावं, आणि उत्तर देण्याआधी त्या वर्गात थोडी भांडाभांडी होऊ द्यावी.