सहावं इंजेक्शन

एप्रिल 2021 मध्ये आमच्या नात्यात कुणाचाही फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असे, 'स्कोअर किती आला?' ताप किती आहे, जेवण जातंय का, चालताना धाप लागते का, हे सगळं नंतर. छातीच्या एचआरसीटीत फुप्फुसाचा किती भाग धरला आहे याचा 25 पैकी एक आकडा येई आणि तो दहावीच्या निकालासारखा भावकीत फिरे. आठ म्हटलं की सुटल्यासारखं वाटे, अठरा म्हटलं की पलीकडचा माणूस गप्प होई. माझ्या मामाचा तेरा आला. तेरा म्हणजे नेमकं काय, हे घरात कुणालाच कळेना. डॉक्टर म्हणाले, 'मॉडरेट आहे, ॲडमिट करा.'

तो आकडा खोटा नव्हता. पण तो आजाराच्या तिसऱ्या दिवशीचा आहे की दहाव्या, हे पाहिल्याशिवाय त्यातून फार काही कळत नाही. रक्तातला ऑक्सिजन किती, सहा मिनिटं चालल्यावर तो किती उतरतो, हे त्याहून मोलाचं होतं आणि ते घरबसल्या पाहता येत होतं. सप्टेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने एचआरसीटीचे दर दोन ते तीन हजार रुपयांत बांधून दिले, ते चांगलंच झालं. पण सौम्य आजारात उगाच सीटी स्कॅन करू नका, असं एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी जाहीरपणे सांगितलं ते मे 2021 मध्ये. तोवर तालुक्याच्या गावीही स्कॅन सेंटरबाहेर पहाटेपासून नंबर लागत होते.

स्कोअरनंतर चिठ्ठी. ती मी अजून जपून ठेवली आहे. लेटरपॅडचा फाडलेला अर्धा कागद, निळ्या बॉलपेनने लिहिलेलं मामाचं आडनाव, तेही चुकलेलं, आणि खाली 'रेमडेसिविर 6'. पहिल्या दिवशी दोन, मग रोज एक, असा तो पाच दिवसांचा कोर्स. दुकानांतली विक्री थांबवून थेट रुग्णालयांना पुरवठा करण्याचे आदेश तोवर निघाले होते, तरी चिठ्ठ्या थांबल्या नव्हत्या. मामेभाऊ आणि मी दोन दिवस तीन तालुके फिरलो. ओळखीच्या एमआरला फोन केले, नगरसेवकाच्या कार्यालयाबाहेर थांबलो, एका औषध दुकानाच्या अर्ध्या ओढलेल्या शटरखाली वाकून विनवण्या केल्या. पाच मिळाली, सहावं मिळालं नाही. चौथ्या दिवशी मामाला व्हेंटिलेटर लावला आणि नवव्या दिवशी तो गेला.

मामेभाऊ आजही म्हणतो, 'सहावं मिळालं असतं तर...' हे वाक्य तो पूर्ण करत नाही. हा लेख मी त्या अर्धवट वाक्यासाठी लिहितो आहे.

आम्ही फिरत होतो त्याच्या सहा महिने आधी, ऑक्टोबर 2020 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीचे अंतरिम निष्कर्ष आले होते. 30 देश, 405 रुग्णालयं, अकरा हजारांहून अधिक रुग्ण. रेमडेसिविरमुळे मृत्यू कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही, आणि नोव्हेंबरमध्ये संघटनेने ते न वापरण्याची शिफारस केली. रुग्ण लवकर बरे होतात असं दाखवणारी अमेरिकी चाचणीही होती, आणि आपल्या औषध नियंत्रकांनी जून 2020 मध्ये आणीबाणीच्या मर्यादित वापराला परवानगी दिलीच होती. सॉलिडॅरिटीचे अंतिम निष्कर्ष 2022 मध्ये आले, त्यात व्हेंटिलेटरवर न गेलेल्या रुग्णांना थोडा फायदा दिसला. व्हेंटिलेटरवरच्यांना दिसला नाही. म्हणजे हे औषध कुचकामी होतं असं मी म्हणत नाही. पण मामाला व्हेंटिलेटर लागल्यानंतर जे सहावं इंजेक्शन मिळालं नाही, त्याने तो वाचला असता असं म्हणायला आधार नाही. हे मामेभावाला तेव्हा कुणी सांगितलं नाही. तेव्हा त्याला नुसतं 'आणा' म्हटलं गेलं.

त्या चिठ्ठीने केलं काय, याचा मी बराच विचार केला. वैद्यकाला जे नीट ठाऊक नव्हतं त्याचं ओझं तिने अलगद उचललं आणि घरच्यांच्या खांद्यावर ठेवलं. माणूस आजाराने गेला, याऐवजी 'आम्हाला मिळवता आलं नाही म्हणून गेला' अशी त्याची नोंद घरात कायमची झाली. अशी किती घरं असतील, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

प्लाझ्माची गोष्ट तर आपल्याच अंगणातली. आयसीएमआरने 22 एप्रिल ते 14 जुलै 2020 या काळात देशातल्या 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर चाचणी घेतली, तिचं नाव प्लॅसिड. आजार बळावण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण प्लाझ्मा दिलेल्यांत 19 टक्के आणि न दिलेल्यांत 18 टक्के. ऑक्टोबर 2020 मध्ये हे 'बीएमजे'त छापून आलं. इतक्या धावपळीत, पीपीई किटमध्ये घामाने निथळत, आपल्या डॉक्टरांनी ही चाचणी पूर्ण केली याचा मला मनापासून अभिमान आहे. आणि तरीही एप्रिल 2021 मध्ये आमच्या ग्रुपवर दर तासाला 'बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा अर्जंट' येत होतं. उपचारांच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे 2021 मध्ये. आपल्याच माणसांनी शोधलेलं उत्तर आपल्याच वॉर्डांत पोचायला सात महिने लागले.

उलट जे औषध खरोखर कामाचं निघालं ते जुनं आणि काही रुपयांचं. डेक्सामेथासोन. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने जून 2020 मध्ये दाखवलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले सुमारे एक तृतीयांश मृत्यू त्याने टळतात. ऑक्सिजनवर असलेल्यांनाही फायदा होतो. ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना मात्र होत नाही, उलट अपाय होण्याची शक्यता. मात्रा रोज सहा मिलिग्रॅम, फार तर दहा दिवस. इतकं स्पष्ट उत्तर त्या वर्षात दुसरं मिळालं नव्हतं. त्यातला 'कुणाला नाही' हा अर्धा भाग आपल्याकडे गळून पडला. ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी स्टेरॉइड, तेही दुप्पट-तिप्पट, आणि साखर तपासलेली नाही. मग म्युकरमायकोसिस आला. काळी बुरशी म्हणून लोकांनी धसका घेतला. मधुमेह आणि स्टेरॉइड एकत्र आले होते अशा कितीतरी जणांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले, आणि ॲम्फोटेरिसिनसाठी पुन्हा तीच चिठ्ठी, तीच पायपीट.

हे सगळं डॉक्टरांच्या माथी मारून मला मोकळं व्हायचं नाही. चिठ्ठी आम्हालाही हवी होती. साधा ताप आला तरी सलाईन लावल्याशिवाय ज्यांचं समाधान होत नाही, अशा गावांतली आम्ही माणसं. 'यावर खात्रीचं औषध नाही, ऑक्सिजन देऊ, पोटावर झोपवू, लक्ष ठेवू,' असं म्हणणाऱ्या डॉक्टरकडून आम्ही मामाला दुसरीकडे हलवलं होतं. हो, असा एक डॉक्टर आम्हाला पहिल्याच दिवशी भेटला होता. तरुण होता, डोळे जागरणाने लाल झालेले. तो खरं बोलला आणि आम्हाला वाटलं, याला काही येत नाही.

वैद्यकाला कारण ठाऊक नसणं नवीन नाही. 1897 च्या पुण्यात प्लेगचा जंतू माहीत होता, यर्सिनने तो तीन वर्षांपूर्वी हाँगकाँगला शोधला होता. पण तो उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो, हे सिमाँने मांडलं 1898 मध्ये, कराचीत, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी दहाएक वर्षं गेली. म्हणजे प्लेग अधिकारी रँडचे सोजीर घराघरांत शिरून माणसं बाहेर काढत होते, सामान जाळत होते, तेव्हा रोग कसा पसरतो हे त्यांना पाठवणाऱ्यांनाच ठाऊक नव्हतं. ठाऊक नसतानाचा तो ठामपणा पुण्याने सोसला आणि पुढे काय घडलं ते आपण शाळेत शिकतो. त्याच साली आलेला साथरोग कायदा मार्च 2020 मध्ये राज्यात पुन्हा लागू झाला. प्लेगच्या त्याच साथीत सावित्रीबाई फुले मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या आणि 10 मार्च 1897 रोजी त्याच रोगाने गेल्या. रोग कसा लागतो हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना माणसाने काय करावं याची दोन उत्तरं एकाच शहराने एकाच वर्षी पाहिली.

आपण 2020 मध्ये बहुतेक पहिलं उत्तर निवडलं. 28 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग हवेतून पसरत नाही असं ठासून सांगितलं. जवळच्या अंतरावर तो हवेतून पसरतो हे मान्य करायला तिला वर्षाहून अधिक काळ लागला. तोवर आपण भाजी साबणाने धुतली, दुधाच्या पिशव्या उन्हात वाळवल्या, वेशीवर बाभळीचे काटे टाकले. कोकणात मुंबईहून आलेल्या चाकरमान्याला स्वतःच्या घराच्या ओट्यावर चढू दिलं नाही. गणपतीला तरी येऊ द्या म्हणून त्याने किती दिवस गावच्या शाळेत राहायचं यावर घासाघीस चालली. ज्या नर्सला आपण थाळ्या वाजवून दाखवल्या तिला घरमालकाने खोली सोडायला सांगितली. भीती खरी होती, तिला मी नावं ठेवणार नाही. पण 'अजून नक्की कळलेलं नाही, आज इतकं कळलंय, पुढच्या आठवड्यात बदलू शकतं,' असं कुणी रोज संध्याकाळी शांतपणे सांगितलं असतं, तर काट्यांची उंची थोडी कमी राहिली असती, असं मला वाटतं.

आपल्याकडे हे जमत नाही असंही नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशावर उपाय नव्हता, लहान मुलं डोळ्यांदेखत जात. खात्रीचं औषध आहे असा आव त्यांनी आणला नाही. रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी केल्या. त्या नोंदींतून प्राझोसिन पुढे आलं, ते निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले आणि मृत्यूंचं प्रमाण उतरलं. ठाऊक नाही हे कबूल केलं की माणूस पाहायला लागतो. त्यांच्या कामातून मी एवढं शिकलो.

एक गोष्ट राहिली. मामा गेला त्या पहाटे मामीने एकच मागणं केलं, चेहरा दाखवा. वॉर्डच्या दारातून उत्तर आलं, 'परवानगी नाही, नियम आहे.' तिने काळ्या पिशवीची लांबी पाहिली आणि तेवढ्यावरून माणूस ओळखला. घरी आल्यावर ती कितीतरी महिने विचारायची, आतमध्ये तेच होते ना?

वर्षभराने मी तो नियम शोधून काढला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मृतदेहांबाबतची मार्गदर्शक सूचना 15 मार्च 2020 ची आहे, म्हणजे टाळेबंदीच्याही आधीची. तीत लिहिलं आहे की कर्मचाऱ्यांनी काळजी घेऊन पिशवीची चेहऱ्याकडची चेन उघडून नातेवाइकांना शेवटचं दर्शन घेऊ देता येईल. स्पर्श, आंघोळ, चुंबन नको. लांबून पाहायला, पोथीतलं वाचायला, पाणी शिंपडायला हरकत नाही. नियम होता. तो मामीच्या बाजूचा होता. तिच्यापर्यंत तो पोचलाच नाही, आणि दारातल्या त्या माणसापर्यंतही बहुधा पोचला नव्हता.

पुढची साथ केव्हातरी येईल. तेव्हा जे रुग्णालय चालवत असतील, जिल्ह्याचं आरोग्य पाहत असतील, त्यांच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. तो कागद मराठीत, मोठ्या अक्षरांत छापा आणि शवागाराच्या दारावर लावा.